क्षमा आणि खतावणी

१९४८ साली इंग्लंडात दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. १ एप्रिलला ‘चर्च कमिशनर्स’ नावाची संस्था अस्तित्वात आली. चर्च ऑफ इंग्लंडच्या जमिनी, इमारती, रोखे आणि ठेवी सांभाळण्यासाठी दोन जुन्या संस्था एकत्र करून ती स्थापन झाली होती. बँकांच्या विलीनीकरणात होते तेच इथेही झाले. जुन्यांची येणी-देणी, दप्तरे आणि खतावण्या नव्या संस्थेच्या कपाटात आल्या. त्यानंतर पावणेतीन महिन्यांनी, २२ जूनला, लंडनजवळच्या टिलबरी बंदरात ‘एम्पायर विंडरश’ या बोटीतून जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस अशा कॅरिबियन बेटांवरची काही शे माणसे उतरली. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या इंग्लंडला कामाला माणसे हवी होती आणि ही मंडळी ब्रिटिश साम्राज्याचीच प्रजा होती.

कपाटातल्या खतावण्या आणि बंदरात उतरलेली माणसे यांची गाठ पडायला पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे जावी लागली. ती कशी पडली, आणि एका मोठ्या धर्मसंस्थेला आपल्याच घरातला वर्णभेद निपटताना काय काय सोसावे लागते आहे, त्याची ही हकीकत.

दारावरचा नमस्कार

विंडरशमधून आणि नंतरच्या बोटींमधून आलेल्या माणसांपैकी पुष्कळजण चर्च ऑफ इंग्लंडचेच अनुयायी होते. आपण धर्माने परक्या देशात आलो आहोत असे त्यांना वाटण्याचे कारणच नव्हते. तीच प्रार्थना, तीच भजने, तोच राजा. काहींनी आपल्या गावच्या धर्मगुरूंचे ओळखपत्रही बरोबर आणले होते. पहिल्या रविवारी ही माणसे ठेवणीतले कपडे घालून जवळच्या चर्चमध्ये गेली. प्रार्थना संपल्यावर दारात उभे राहून हस्तांदोलन करणाऱ्या व्हिकरने त्यांच्यापैकी अनेकांना सौजन्याने जे सांगितले, ते पुढे शेकडो कुटुंबांच्या आठवणींत कोरले गेले. आलात, आनंद वाटला. पण पुन्हा येऊ नका, आमच्या इतर मंडळींना ते रुचणार नाही, असा त्याचा आशय होता.

कादंबरीकार म्हणून मला या प्रसंगातला व्हिकर फार विचार करायला लावतो. तो दुष्ट नाही. त्याने कोणाला शिवी दिली नाही, ढकलले नाही. बहुधा त्याला स्वतःला काही अडचणही नसावी. अडचण ‘इतर मंडळीं’ची होती. जगात जिथे जिथे दार बंद होते तिथे ही ‘इतर मंडळी’ असतातच आणि दार लावणारा हात नेहमी त्यांच्या नावाने लावत असतो. आपल्याकडे घर भाड्याने देताना हेच वाक्य किती सोसायट्यांत ऐकू येते, ते मी सांगायला नको.

मग या माणसांनी काय केले? काहींनी मान खाली घालून मागच्या बाकावर बसणे पत्करले. काहींनी चर्च कायमचे सोडले. उरलेल्यांनी एकमेकांच्या घरी, बैठकीच्या खोलीत प्रार्थना सुरू केल्या. त्यातून स्वतंत्र मंडळ्या उभ्या राहिल्या. ‘न्यू टेस्टामेंट चर्च ऑफ गॉड’ची इंग्लंडातली सुरुवात १९५३ साली वुल्वरहॅम्प्टनला झाली ती अशाच काळात. पुढच्या दशकांत इंग्लंडातल्या जुन्या चर्चची बाके रिकामी होत गेली आणि कृष्णवर्णीयांच्या या मंडळ्या मात्र भरत गेल्या. दारातून परत पाठवलेली माणसे किती मोलाची होती, हे कळायला चर्चला हिशेब मांडावा लागला नाही. रिकाम्या बाकांनीच तो मांडला.

‘नोंद घेतली आहे’

चर्चला जाग आली ती १९८०च्या दशकात. १९८१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली आणि इतर शहरांतही आगी पेटल्या. त्यानंतर शहरांतल्या गरीब वस्त्यांची पाहणी करण्यासाठी आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी आयोग नेमला. त्याचा ‘फेथ इन द सिटी’ हा अहवाल १९८५ साली आला. सरकारने काय करावे हे त्यात होतेच, पण चर्चने स्वतःच्या घरातला वर्णद्वेष कसा घालवावा याचाही विचार होता. त्यातून १९८७ साली कृष्णवर्णीय अनुयायांच्या प्रश्नांसाठी एक स्वतंत्र समिती नेमली गेली. १९८५ सालीच बार्बाडोसमध्ये जन्मलेले विल्फ्रेड वुड क्रॉयडनचे बिशप झाले. चर्च ऑफ इंग्लंडचे ते पहिले कृष्णवर्णीय बिशप. १९९४ साली कराचीत जन्मलेले मायकेल नझीर-अली रोचेस्टरचे बिशप झाले. २००५ साली मूळचे युगांडाचे जॉन सेंटामू यॉर्कच्या आर्चबिशपपदी आले. म्हणजे कँटरबरीच्या खालोखाल दुसरे सर्वोच्च पद. त्याआधी, स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाचा तपास पोलिसांनी कसा हाताळला याची जी चौकशी झाली, तिचे ते एक सल्लागार होते. १९९९च्या त्या मॅकफर्सन अहवालाने ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ हा शब्द इंग्लंडात घरोघर पोचवला. एखाद्या संस्थेतला प्रत्येक माणूस भला असूनही संस्था मात्र काही माणसांना सतत डावलत राहते, असा त्याचा साधा अर्थ.

म्हणजे समिती होती, अहवाल होते, काही माणसे वरच्या पदांवर पोचलीही होती. तरीही २०२० साली चर्चला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत चर्चच्या प्रातिनिधिक सभेत, म्हणजे जनरल सिनडमध्ये, विंडरश बोट आल्यापासून कृष्णवर्णीय आणि अल्पसंख्य वंशांच्या लोकांना चर्चमध्ये सोसाव्या लागलेल्या वर्णद्वेषाबद्दल माफी मागणारा ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी, आपल्याला लाज वाटते आणि चर्च अजूनही संस्थात्मक पातळीवर खोलवर वर्णद्वेषी आहे, अशी कबुली भर सभेत दिली. आणि चार महिन्यांत एक पत्र वर्तमानपत्रांतून गाजले. साहाय्यक धर्मगुरूच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या एका कृष्णवर्णीय उमेदवाराला चर्चच्या कार्यालयातून नकार आला होता. त्या पॅरिशमधली वस्ती सगळी गोऱ्या कष्टकऱ्यांची आहे, तुम्हालाच तिथे अवघडल्यासारखे होईल, असे त्यात काळजीच्या सुरात लिहिले होते. दारावरचा व्हिकर आता टाइप केलेल्या पत्रात जाऊन बसला होता, एवढाच काय तो फरक.

यानंतर नेमलेल्या कृती गटाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. ‘विलापाकडून कृतीकडे’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. या गटाने आधी मागची कागदपत्रे काढून बसण्याचे शहाणपण दाखवले. तेव्हा आढळले की १९८०च्या दशकाच्या मध्यापासून याच विषयावर वीसहून अधिक अहवाल झाले आहेत आणि त्यांत एकशे साठहून अधिक शिफारशी आहेत. बहुतेक शिफारशी धूळ खात पडल्या होत्या.

हे वाचताना माझ्यातला बँकेचा अधिकारी जागा झाला. शाखेची तपासणी झाली की तपासनीस शेरे लिहून जातो. तारणाचे कागद अपुरे, विम्याची मुदत संपलेली, वसुलीचा पाठपुरावा नाही. त्यावर शाखेने उत्तर पाठवायचे असते. अनुभवी मॅनेजर सगळ्या शेऱ्यांपुढे एकच वाक्य लिहितो: ‘नोंद घेतली आहे.’ पुढच्या वर्षी दुसरा तपासनीस येतो, तेच शेरे लिहितो, तेच उत्तर जाते. हे चक्र थांबते ते एकाच उपायाने. शेऱ्यापुढे माणसाचे नाव आणि तारीख लिहावी लागते.

२०२१च्या अहवालाचे वेगळेपण नेमके हेच होते. त्यातल्या ४७ शिफारशींपुढे कोणी करायचे आणि केव्हापर्यंत करायचे ते लिहिले होते. नेतृत्वाचे प्रशिक्षण घेणाऱ्यांत किमान तीस टक्के लोक अल्पसंख्य वंशांतले असावेत, यासारखी मोजता येण्याजोगी उद्दिष्टे होती. प्रत्येक धर्मप्रांतात वंशीय न्यायासाठी पूर्णवेळ अधिकारी नेमावा, अशीही एक शिफारस होती. मात्र खर्च कमी करायचा आहे या कारणाने वरिष्ठ मंडळाने सुरुवातीलाच ती बाजूला ठेवली. मन:पूर्वक माफी मागितली जाऊ शकते, पण पगाराचा प्रश्न आला की हात आखडतो. कोणत्याही संस्थेची परीक्षा भाषणात होत नाही, अंदाजपत्रकात होते.

१७२३ सालची दोन कागदपत्रे

आता कपाटातल्या खतावण्यांकडे येऊ. १९४८ साली विलीन झालेल्या दोन संस्थांपैकी एकीचे नाव होते ‘क्वीन ॲन्स बाउंटी’. १७०४ साली राणी ॲनने ती स्थापन केली. धर्मगुरूंकडून राजसत्ता जुना कर घेत असे. नेमणुकीच्या पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि पुढे दरसाल दहावा हिस्सा. राणीने हा पैसा चर्चला परत दिला आणि त्यातून गरीब धर्मगुरूंचे उत्पन्न वाढवावे असे ठरवले. हेतू इतका सात्त्विक, की त्यात खोट काढायला जागा नाही. पण पैसा साठला की तो कुठे तरी गुंतवावा लागतो. बाउंटीने तो मोठ्या प्रमाणावर ‘साउथ सी कंपनी’त गुंतवला.

१७२०च्या सट्ट्याच्या फुग्यामुळे ही कंपनी इतिहासात प्रसिद्ध आहे. तिचा धंदा कोणता होता, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींना दरवर्षी ४,८०० गुलाम पुरवण्याचा तीस वर्षांचा मक्ता १७१३ साली ब्रिटनला मिळाला आणि तो या कंपनीकडे आला. चर्च कमिशनर्सनी २०१९ साली आपल्याच जुन्या हिशेबांचे संशोधन हाती घेतले, जमाखर्च तज्ज्ञांकडून खतावण्या तपासून घेतल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कंपनीने ९६ सफरींत सुमारे ३४,००० आफ्रिकी माणसे वाहून नेली, असे त्यात म्हटले आहे. १७३९ सालापर्यंत बाउंटीची या कंपनीच्या वार्षिकींत २ लाख ४ हजार पौंडांची गुंतवणूक झाली होती. आजच्या हिशेबाने ती ४४ कोटी पौंडांच्या घरात जाऊ शकते. या अहवालाबरोबरच नऊ वर्षांत १० कोटी पौंड बाजूला काढण्याची घोषणा झाली. ही रक्कम कोणाच्या हातात रोख वाटायची नाही. गुलामगिरीचे परिणाम भोगणाऱ्या समाजांत ती गुंतवायची, संशोधनाला आणि कामांना द्यायची, अशी कल्पना. २०२४ साली बार्बाडोसमध्येच जन्मलेल्या बिशप रोझमेरी मॅलेट यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने हे पुरेसे नाही, इतरांनाही सोबत घेऊन शंभर कोटी पौंडांचा निधी उभा करावा, असे सुचवले.

यावर जोरदार आक्षेप आले आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. काही इतिहासकारांचे म्हणणे असे: १७२३ साली कंपनीचे भांडवल दोन भागांत वाटले गेले, निम्मे व्यापारी शेअर आणि निम्मी वार्षिकी. वार्षिकीवरचे व्याज सरकारी कर्जाच्या व्याजातून येई. जहाज नफ्यात आले की बुडाले, याच्याशी वार्षिकीधारकाचा संबंध नव्हता. म्हणजे बाउंटीकडे होता तो एक प्रकारचा सरकारी रोखा. त्यावर गुलामांच्या व्यापाराचा नफा मिळालाच नाही. शिवाय आज खेड्यांतल्या चर्चचे छप्पर दुरुस्त करायला पैसे नाहीत, धर्मगुरू पाच-सहा गावे एकटा सांभाळतो, तिथे हा पैसा का देऊ नये? कमिशनर्सचे उत्तर असे, की कंपनी काय करते हे तेव्हाच्या गुंतवणूकदारांना चांगले ठाऊक होते.

आयुष्यभर रोखे आणि व्याज पाहिलेल्या माणसाला हा पहिला आक्षेप वजनदार वाटतो. नफा आणि व्याज एक नव्हे. पण आक्षेप खरा धरला तरी खाते मिटत नाही, असे मला वाटते. कारण खात्यात ही एकच नोंद नाही. ब्रिस्टॉलच्या ज्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा २०२० साली जमावाने पाडून पाण्यात लोटला, तो गुलामांचा व्यापारी बाउंटीच्या देणगीदारांत आहे. आणि खतावणीपेक्षाही मोठा पुरावा एका पत्राचा आहे.

हे पत्र त्याच १७२३ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाहून आले. बाप्तिस्मा झालेल्या काही गुलामांनी ते ‘लंडनच्या आर्चबिशप’ना लिहिले होते. असे पदच नाही. लंडनला बिशप असतो. पण दाद मागण्यासाठी कोणाकडे जावे हे मळ्यात राबणाऱ्याला कोण सांगणार? मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी या क्रूर बंधनातून सुटका मागितली होती आणि आमच्या मुलांना लिहा-वाचायला व धर्म शिकायला मिळावा, अशी विनंती केली होती. सह्या नव्हत्या. नावे कळली तर फासावर जाऊ, अशी भीती त्यांनी पत्रातच व्यक्त केली होती. पत्र दप्तरात गेले. चार वर्षांनी, १७२७ साली, लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी वसाहतींतल्या मळेवाल्यांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले. गुलामांना धर्म जरूर शिकवा, असे त्यात होते. मात्र बाप्तिस्म्याने गुलामाच्या मालकीत काडीचाही फरक पडत नाही, अशी हमीही होती.

नगर, बार्बाडोस आणि आपल्या रमाबाई

मराठी वाचकाला हे सगळे दूरच्या देशातले वाटेल. तितके ते दूरचे नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल’ या मिशनरी संस्थेला क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन या मळेवाल्याच्या मृत्युपत्राने बार्बाडोसमधले उसाचे मळे मिळाले. तो १७१० साली वारला. मळ्यांबरोबर गुलामही आले. त्यांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना. सोसायटीला ४११ माणसांपोटी ८,८२३ पौंड मिळाले. पुढे याच सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर भागात मिशन चालवले आणि गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी शाळा काढल्या. ज्यांना गावातल्या शाळेत पाऊल ठेवता येत नव्हते त्यांच्या हातात तिने पाटी दिली, हेही खरे आणि बार्बाडोसमधला तो डागही खरा. एकाच संस्थेच्या खात्यात जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात, आणि एका बाजूने दुसरी आपोआप खोडली जात नाही. २००६ साली सिनडने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफी मागितली. २०२३ साली त्या सोसायटीच्या आजच्या वारस संस्थेने कॉड्रिंग्टनच्या परिसरात कामासाठी ७० लाख पौंडांची योजना जाहीर केली.

दुसरा धागा पंडिता रमाबाईंचा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या भगिनी-मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमेसह त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या आत आल्या, तेव्हा सर्वांना आनंद झाला. अडचण सुरू झाली ती त्यांनी आत येऊन स्वतःचे डोके वापरायला सुरुवात केली तेव्हा. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना देशी भाषा शिकवाव्यात असा विषय निघाला, त्यावर हिंदुस्थानातल्या गोऱ्या बिशपांनी हरकत घेतली. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतात का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. आमच्या ब्राह्मणांना संस्कृतचे जसे वेड तसे तुम्हाला लॅटिनचे आहे का, असा त्यांचा खोचक सवाल होता. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून आले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून ठणकावून सांगितले. सिस्टरांनी त्यांना गर्विष्ठ ठरवले. आज त्याच चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा आहे.

वर्णभेद निपटण्याच्या कामाचे सगळे मर्म मला या पत्रव्यवहारात दिसते. दारातून आत घेणे वेगळे आणि पंगतीला बसवणे वेगळे. आणि आज पंगतीत काय शिजवायचे हे विचारणे तर त्याहून वेगळे. १९४८च्या माणसांना पहिलेच मिळाले नाही. रमाबाईंना पहिली दोन मिळाली, तिसरे नाही. २०२१च्या अहवालाचा सगळा भर या तिसऱ्यावर आहे. पाठ कोण वाचणार, पॅरिशच्या कारभारी मंडळावर कोण बसणार, नेमणुकीच्या मुलाखतीत टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण असणार, असे ते बारीकसारीक आणि कंटाळवाणे काम आहे. २०१९ साली जमैकात जन्मलेल्या रोझ हडसन-विल्किन डोव्हरच्या बिशप झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला बिशप. अशा नेमणुकीची बातमी होते. खेड्यातल्या कारभारी मंडळाची होत नाही, आणि व्हिकरची ‘इतर मंडळी’ असतात ती तिथेच.

निधीवरचा वाद अजून मिटलेला नाही. वेल्बी जानेवारी २०२५ मध्ये वेगळ्याच प्रकरणात पदावरून गेले. त्यांच्या जागी आलेल्या सारा मुलाली यांच्यापुढे हा प्रश्न वारशाने आला आहे आणि निधी नकोच म्हणणारे चर्चमध्ये आणि संसदेतही आहेत. शेवटी किती पौंड जातील, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट होऊन गेली आहे आणि ती आता पुसता येणार नाही. २०२३च्या जानेवारीत लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात एक प्रदर्शन भरले. बाउंटीच्या खतावण्या तिथे लोकांना पाहण्यासाठी मांडल्या होत्या. सुबक अक्षर, ओळीने आकडे, कुठे खाडाखोड नाही. आणि त्याच प्रदर्शनात व्हर्जिनियाहून आलेले, चुकीच्या पत्त्याचे, बिनसहीचे ते पत्रही होते. तीनशे वर्षांपूर्वी हे दोन्ही कागद एकाच शहरात होते, पण एक पाहणाऱ्याने दुसरा पाहिला नव्हता.